पट्टीवाले डॉक्टर

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. शिक्षण विचारलं नाही, नेमणुकीचा कागदही पाहिला नाही. टेबलावरच्या पितळी डब्यातून लाकडी पट्ट्यांची एक चळत काढली, आइसफ्रूटच्या काडीसारख्याच, पण जरा रुंद, आणि म्हणाले, "आ करा."

मी बावीस वर्षांची होते. आमच्या वस्तीत मॅट्रिकच्या पुढे गेलेली पहिलीच मुलगी. बाबांनी गिरणीतली पाळी बदलून घेतली आणि मला सायकलवर बसवून हॉस्पिटलच्या फाटकाशी आणून सोडलं. साहेबासमोर कसं उभं राहायचं, काय विचारलं तर काय सांगायचं, याची घरी आठ दिवस तालीम झाली होती. तोंड वासायची तालीम कोणी घेतली नव्हती. मी आ केला. त्यांनी माझ्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये एकेक पट्टी सरकवत नेली आणि पुढची शिरेना तेव्हा थांबले.

"एकवीस," ते खुशीत म्हणाले. "व्वा! तुम्ही उपाशी नाही मरत."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'एकवीस' झाले. रागावले की मात्र 'बाई' म्हणायचे, आणि रागावायचे रोज.

मी तिथे नोंदी ठेवणारी कारकून होते. आमची खोली शेकाच्या विभागामागे होती. किरणांच्या उपचाराला आमच्याकडची माणसं शेकच म्हणायची. पूर्वी त्या खोलीत मोडक्या खाटा टाकत. ते स्वतः शेकाचेच डॉक्टर, पण त्यांचा जीव मशीनमध्ये नव्हता. शेक संपला, गाठ गेली, कागदावर 'बरा' असा शिक्का पडला की बाकीच्यांच्या लेखी पेशंट संपायचा. यांच्या लेखी तो तिथून सुरू व्हायचा. कारण तोंडाच्या कॅन्सरला शेक दिला की पुढे चार-सहा महिन्यांत जबड्याचे स्नायू वाळलेल्या चामड्यासारखे आखडत जातात. आज घास जातो, उद्या चमचा जातो, परवा नुसती नळी.

"कॅन्सर आपल्या हातात नाही," ते म्हणायचे. "घास आहे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की त्याचा कंटाळा यायचा. आता येत नाही.

त्यांचा विक्षिप्तपणा सगळ्या हॉस्पिटलला पाठ होता. माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे. धडधाकट माणसाचं तोंड किती उघडतं याचे आकडे सापडतात ते परदेशातले, आपल्या लोकांचे नाहीत, म्हणून त्यांनी दिसेल त्याचं तोंड मोजायचा सपाटा लावला होता. फाटकावरचा चौकीदार सतरा, चहावाला एकोणीस, खुद्द मोठे साहेब अठरा. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात धोतरजोडी घ्यायला गेले तर दुकानदाराला गादीवर बसल्या बसल्या आ करायला लावलं. लग्नाच्या पंगतीत ते जेवायचे कमी, समोरच्यांचे घास जास्त बघायचे. बायका चिडायच्या. एका लग्नात मुलाकडच्या म्हाताऱ्याने तर हात उगारला होता. पट्ट्या त्यांच्या कोटाच्या खिशात पेनाशेजारी असायच्या. त्या पट्ट्यांनीच चहा ढवळायचे, पुस्तकात खूण म्हणूनही त्याच घालायचे. पेशंटांच्या पट्ट्या मात्र स्वतः उकळून वेगळ्या डब्यात ठेवत आणि त्या डब्याला मलाही हात लावू देत नसत.

या पट्ट्या लकडगंजातल्या एका आरा मशीनवरून कापून यायच्या. प्रत्येक पट्टी बरोब्बर दोन मिलिमीटर जाड हवी. केसभर फरक निघाला की अख्खी खेप परत.

तिथला मिस्त्री एकदा वैतागून मला म्हणाला, "बाई, सागवानाचे दरवाजे देतो मी, कोनी बोट नाही ठेवत. अन् हे तुमचे सायब काडीसाठी मले रडवून राहिले!"

हे सगळं कशापायी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या हातून एक बाई पूर्ण बरी झाली होती. वर्षाने तिचा नवरा हॉस्पिटलात आला, ती वारली हे सांगायला. गाठ परत आलीच नव्हती. तोंड मिटत गेलं आणि ती भुकेने गेली. "नवरा हात जोडून म्हणाला, सायेब, तुम्ही बिमारी तं काढली. आभार मानायला आला होता हो तो!" एवढं सांगून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा जबडा कापडाने आवळून बांधला आणि आठवडाभर दोन पट्ट्यांच्या फटीतून जेवले. हसायला आलेली माणसं तिसऱ्या दिवशी हसेनाशी झाली, कारण ते दिसतच इतके वाईट होते.

आमचा अभ्यास असा होता. शेक संपलेल्या माणसांचे दोन गट. शुक्रवारवाल्यांना पट्ट्यांची जुडी द्यायची, दिवसातून तीनदा दातांत धरून बसायचं, आठवड्याला एक पट्टी वाढवायची. मंगळवारवाल्यांना काही द्यायचं नाही, फक्त येतील तेव्हा मोजायचं. वर्षाअखेर दोन्ही गटांची तोंडं ताडून बघायची. ते पाहायला दिल्लीहून समिती येणार. फरक दिसला की आमची खोली कायम होणार, आणि शेक घेतलेल्या प्रत्येक माणसाला जुडी मिळणार. न दिसला तर खोली बंद.

"मंगळवारवाल्यांनाही द्या ना," मी सुरुवातीला म्हटलं.

"द्यायचंच आहे, बाई. वर्ष होऊ द्या. आज मी दयेनं देईन, पण माझ्यामागं कोण देईल? सिद्ध केलं तर माझी गरजच नाही उरत."

बोलायला हे ठीक होतं. पण मंगळवारी ते अन्नाला शिवत नसत. शेवटचा पेशंट मोजून गेला की मगच डबा उघडायचे. लोकांना वाटायचं, गणपतीचा उपास असेल.

अंजनाबाई मंगळवारची. मौद्याकडची, चाळिशीची, गुडाखूने दात घासता घासता दुखणं ओढवून घेतलेली. गुडाखू म्हणजे तंबाखूचा तो काळा लगदा, आमच्याकडे घरोघरी असायचा. गोमाजी शुक्रवारचा. उमरेडचा कोष्टी, आयुष्य हातमागावर गेलेलं, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरा. दोघेही हॉस्पिटलशेजारच्या धर्मशाळेत उतरलेले. लांबून आलेले आमचे बहुतेक पेशंट तिथेच राहायचे, मंगळवारचे आणि शुक्रवारचे एकाच ओसरीवर. गटांची वाटणी करताना ही साधी गोष्ट साहेबांच्या ध्यानात आली नाही, आणि माझ्याही.

चौथ्या महिन्यात, वैशाखातल्या भर दुपारी, मी पुढच्या तारखांच्या चिठ्ठ्या द्यायला धर्मशाळेत गेले. ओसरीवर सगळे भिंतीला टेकून ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या दातांत कामट्यांची जुडी, हनुवटीवरून लाळ ओघळतेय, मांडीवर फडकं. कोणी बोलत नव्हतं, बोलणार कसं? गोमाजी टोकाला बसून टाचेने फरशीवर ठेका देत होता, मागाच्या पावडीवर द्यावा तसा, आणि त्या ठेक्यावर सगळे मोजत होते. त्यात मंगळवारचा गट सगळाच्या सगळा होता.

"हे काय आहे, गोमाजी?" मी ओरडलेच.

त्याने जुडी काढली, फडक्याने हनुवटी पुसली. "मागाची जुनी फनी पडून होती घरी. मोडली. त्याच्या कामट्या घासल्या, सूत गुंडाळलं. सायबाच्या पट्टीवानी झाल्या का नाही, पाहा बरं."

"साहेबांनी बजावलं होतं ना, मंगळवारवाल्यांना सांगायचं नाही म्हणून?"

"दवाई कोनाची कोनाले देऊ नये, हे समजते मले. पन हे तं लाकूड हाये बाई." मग जरा थांबून म्हणाला, "अन् एका पंगतीत बसून आपन जेवाव, बाजूच्यानं पाहात राहाव, हे कोन्या गावची रीत?"

अंजनाबाई उठून माझ्याजवळ आली. तिला शब्द काढायला कष्ट पडत होते. "बाई, माह्या पोट्टीचं जमून राहिलं. सोयऱ्याइले मालूम नाही मले काय झालं ते. ही बिमारी उष्ट्यानं लागते म्हनते लोकं. पंगतीत माह्या तोंडात घास नाही गेला, तं पोट्टी घरीच राहीन. सायबाले नोका सांगू वं. तुमच्या पाया पडतो." आणि खरंच वाकली.

मी तिला उठवलं आणि शब्द दिला. मला वाटलं, साहेब शिस्तीचे, कळलं तर कामट्या काढून घेतील. खरं म्हणजे मला फक्त वाटलं. विचारायचं धाडस मी केलं नाही, आणि त्या न विचारण्याला मी दया असं नाव दिलं.

पुढचे आठ महिने मी दर मंगळवारी माझ्या वळणदार अक्षरात तोंडं वाढताना लिहीत होते. अकरा, बारा, चौदा. साहेब चक्रावून गेले. त्यांना वाटलं, दमट हवेने पट्ट्या फुगल्या. खेप लकडगंजला परत गेली, मिस्त्रीशी कडाक्याचं भांडण झालं, नवी खेप आली, आकडे तेच. मग त्यांनी माझ्या बोटांवर संशय घेतला आणि स्वतः मोजायला लागले. तरी तेच.

"हे मंगळवारवाले मला हरवून राहिले, एकवीस," ते म्हणायचे. चेहऱ्यावर आनंदही असायचा आणि घोरही. त्यातला आनंद बघवत नसे. एखाद्या मंगळवारी अंजनाबाईच्या दातांत एक पट्टी जास्त शिरली की या माणसाचे डोळे भरून यायचे, आणि तीच पट्टी त्यांची खोली बंद करणार होती.

गोमाजी पावसाळ्यात गेला. दुखणं छातीत उतरलं होतं. शेवटच्या शुक्रवारी त्याचं तोंड पंधरा पट्ट्या उघडत होतं. हे साहेबांनी उमरेडला जाऊन त्याच्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हो जी, पुरनाची पोई खाऊन गेले." साहेब ते वाक्य महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले.

समिती आली तेव्हा मी नोंदवह्या घेऊन भिंतीशी उभी होते. तिघेजण होते. त्यांनी दोन्ही गटांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि त्यातला एकजण हसून हिंदीत म्हणाला, "डॉक्टरसाहब, फर्क कहाँ है? मुँह तो अपने आप खुला रहता है." दुसऱ्याने घड्याळ पाहिलं. साहेबांनी दोन्ही तक्ते पुन्हा एकदा पाहिले. जे दिसतं ते दिसतं, असं मानणारा माणूस तो. त्याला आपल्याच आकड्यांशी भांडता येईना. मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण अंजनाबाईच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, आणि मी तिला शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं. धर्मशाळा, फणी, कामट्या, सगळं. मला वाटलं होतं, ते ओरडतील. ते उठले आणि नोंदवही उघडून माझ्यापुढे ठेवली.

"कधीपासून माहीत होतं?"

"आठ महिने."

"आठ महिने." त्यांनी पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं एक रकाना वाढवला असता, बाई. 'घरी करतो' अन् 'नाही करत.' बस. करणारे इकडे, न करणारे तिकडे. धर्मशाळेत न राहणारे नवे घेतले असते. कोणाच्याही तोंडातून काडी काढली नसती मी. तुम्हाला काय वाटलं, मी काढली असती?"

मी रडायला लागले.

"रडू नका. जे ओसरीवर बसले होते त्यांना तुम्ही सांभाळलं. चांगलं केलं. पण जे अजून आलेच नाहीत, त्यांचं काय करायचं?"

त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मग त्यांनी तो रकाना आखला आणि मंगळवारवाल्यांच्या मागे गावोगाव हिंडायला लागले. एसटीच्या टपावर सायकल टाकायची, फाट्यावर उतरायचं आणि घर शोधायचं. दर रविवारी. माझ्या सांगण्यावर रकाना भरायला ते तयार नव्हते. पेशंटने स्वतः सांगितलं पाहिजे. आणि पेशंट सांगेनात. काही मरून गेले होते. जे होते त्यांनी एकजात कानांवर हात ठेवले. आपण साहेबांची चोरी केली, आता चौकशी आली, त्यात गोमाजीचं नाव बुडेल आणि बाईची नोकरी जाईल, असं त्या भल्या माणसांना वाटलं. "नाही जी, आम्ही काईच नाही केलं. आपोआपच उघडलं." जो तो मला वाचवत होता.

मौद्याला मी त्यांच्यासोबत गेले. म्हटलं, मला पाहून तरी अंजनाबाई बोलेल. अंगणात बाजेवर जावई बसला होता, लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला आलेला. साहेबांनी वही काढली. अंजनाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, मी सांगितलंय साहेबांना," मी तिला हळूच म्हटलं. "तुम्ही फक्त हो म्हणा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. "कायचं हो म्हनू? मले कुठं काय झालं होतं? मानसं चुकले वाटते तुमी." आणि लगेच, तोंडाने पाहुण्यांना परकं केलं म्हणून की काय, "आलेच हा तं जेवून जा," म्हणाली.

आम्ही जेवलो. ती समोर बसली, भाकरीचा मोठा तुकडा मोडून तिने वरणात बुडवला आणि आमच्या देखत तोंडात घातला. साहेब हात थांबवून बघत राहिले. तिने दुसरा घास घेतला, त्याहून मोठा. एवढंच ती त्यांना देऊ शकत होती.

फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. ते सायकल हातात धरून होते. "सोळा तरी असतील," ते म्हणाले. त्या रविवारनंतर ते कुठल्या गावाला गेले नाहीत. रकान्यात तिच्या नावापुढे 'नाही' असं लिहिलेलं मी नंतर पाहिलं. ती नाही म्हणाली होती, म्हणून त्यांनी नाही लिहिलं.

खोली बंद झाली, मोडक्या खाटा परत आल्या. आमचा अभ्यास कुठल्याशा अहवालात दीड पान छापून आला. त्यांची बदली झाली, पुढे ते निवृत्त झाले आणि एके दिवशी गेल्याची बातमी आली. मी तेव्हा चांद्याच्या कचेरीत होते, मला ती आठवड्याने कळली. त्यांच्या पुतण्याने पितळी डबा माझ्या नावाने धाडला. आत पट्ट्या होत्या आणि वर चिठ्ठी, 'एकवीस यांस.'

डबा मी ट्रंकेत ठेवून दिला. बरीच वर्षं उघडला नाही.

मग धाकट्या भावाचं पत्र आलं. गिरणीत तंबाखू मळता मळता त्याला तेच झालं होतं. मला घोर नको म्हणून त्याने सगळं लपवलं होतं. नागपुरात त्याच हॉस्पिटलात शेक घेतला, बराही झाला, आणि आठ महिन्यांनी लिहिलं की अक्का, आता फक्त जेवता येत नाही. मी डबा घेऊन पहिली गाडी पकडली. स्टेशनवरून आधी हॉस्पिटलात गेले. तिथला तरुण डॉक्टर सभ्य होता, उठून त्याने मला खुर्ची दिली.

"याला तोंडाचा व्यायाम का सांगितला नाही?" मी विचारलं.

"त्याने फरक पडत नाही, मावशी. आपल्याकडेच अभ्यास झालेला आहे, वर्षभर मोजून. फार काटेकोर काम होतं म्हणतात."

मी त्याला काय सांगणार होते? सांगितलं सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे त्याची नोंद आहे का?"

घरी आले. पट्ट्या उकळल्या, भावाला खिडकीपाशी बसवलं आणि म्हटलं, "आ कर." एक गेली. दुसरी, तिसरी गेली. चौथी तिरपी करून बसवली. पाचवी दातांवर आपटून परत आली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पट्ट्या काढल्या.

"अक्का," तो मिटल्या दातांतून म्हणाला, "डॉक्टर तं म्हने, याची गरज नाही. काहून करून राहिली तू? त्यायले कोनं सांगितलं असन बरं, गरज नाही म्हनून?"

"मी," मी म्हटलं. "आ कर."